मॅट्रिक्स एका घराभोवती फिरवताना: काय करावे, काय टाळावे

चौरस मॅट्रिक्स ९० अंशांत फिरवून दाखवा, हा प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींतला ठरलेला प्रश्न. लीटकोडवर तो ४८ व्या क्रमांकाला आहे. उत्तर अनेकांना पाठ असते: ट्रान्सपोज करा, मग प्रत्येक ओळ उलटी करा. प्रत्यक्ष कामात मात्र प्रश्न इतका सरळ येत नाही. गेममधला ठोकळा त्याच्या एका विशिष्ट घराभोवती वळवायचा असतो, किंवा चित्रातला एक तुकडा ठरावीक पिक्सेलभोवती फिरवायचा असतो, आणि ते घर मॅट्रिक्सच्या मध्यावर नसते. तिथे पाठ केलेले उत्तर कामाला येत नाही.

पुढची यादी अशा कामासाठी आहे. ओळी आणि कॉलम ० पासून मोजले आहेत. जोडीत ओळ आधी आणि कॉलम नंतर लिहिला आहे. ओळींचे क्रमांक वरून खाली वाढतात. हे इतके तपशिलात सांगायचे कारण असे की या कामात चुका त्रिकोणमितीमुळे फार कमी होतात. केंद्र कोणते, दिशा कोणती आणि मॅट्रिक्सच्या बाहेर पडणाऱ्या आकड्यांचे काय करायचे, हे कोड लिहिण्याआधी न ठरवल्यामुळे त्या होतात.

काय करावे

नेमके कोणते फिरवणे हवे आहे, ते आधी विचारून घ्यावे. दोन अगदी वेगळ्या क्रियांना लोक एकाच नावाने ओळखतात. पहिलीत केंद्राभोवतीचा सगळा भाग पाव फेरा घेतो. जात्याची वरची तळी मधल्या आसाभोवती अखंड फिरते, तसाच हा भाग एकसंध वळतो. दुसरीत केंद्राभोवतीच्या प्रत्येक चौकोनी कड्यातले आकडे एकेक घर पुढे सरकतात. केंद्रापासून त्र (त्रिज्या) इतकी घरे लांब असलेल्या कड्यात ८त्र घरे असतात: पहिल्या कड्यात ८, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात २४. पाव फेऱ्यासाठी त्या कड्यातले आकडे २त्र घरे सरकावे लागतात, म्हणजे पहिल्या कड्यात २, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ६. प्रत्येक कडे एकच घर सरकवले, तर आतली कडी जास्त कोनातून वळतात आणि बाहेरची कमी. केंद्रातून जाणारी सरळ रेघ अशा सरकवण्यात मोडते. ग्राहकाला किंवा परीक्षकाला यातले काय हवे आहे हे एका वाक्यात विचारता येते. न विचारता लिहिलेला कोड मात्र सगळाच टाकून द्यावा लागू शकतो.

केंद्रापासूनचे अंतर काढावे, ते वळवावे, मग पुन्हा केंद्रात मिळवावे. घड्याळाच्या दिशेने पाव फेऱ्याचे सूत्र असे:

नवी ओळ = केंद्राची ओळ + (जुना कॉलम − केंद्राचा कॉलम)
नवा कॉलम = केंद्राचा कॉलम − (जुनी ओळ − केंद्राची ओळ)

उलट दिशेसाठी पहिल्या सूत्रातले अधिक आणि दुसऱ्यातले उणे यांची अदलाबदल करावी. अर्ध्या फेऱ्यात ओळीचे आणि कॉलमचे, दोन्ही अंतरांची चिन्हे उलटतात, बाकी काही बदलत नाही.

४ ओळी आणि ६ कॉलमची मॅट्रिक्स घ्या. केंद्र (१, ४). केंद्राच्या वरचे घर (०, ४). वरून ते उजवीकडे यायला हवे, आणि सूत्राने (१, ५) मिळते. उजवीकडचे (१, ५) खाली (२, ४) वर येते. ही दोन घरे बरोबर आली की दिशा बरोबर आहे. शाळेत शिकलेले फिरवण्याचे सूत्र उभा अक्ष वर वाढतो असे धरून लिहिलेले असते. इथे ओळी खाली वाढतात. म्हणून तेच सूत्र जसेच्या तसे उचलले, क्षच्या जागी कॉलम आणि यच्या जागी ओळ घातली, तर घड्याळाच्या उलट दिशेचे म्हणून लिहिलेले फिरवणे पडद्यावर घड्याळाच्या दिशेने दिसते.

सूत्र एका बेरजेवर आणि एका वजाबाकीवर आणून ठेवावे. वरचे दोन्ही कंस सोडवले की हे उरते:

नवी ओळ = जुना कॉलम + (केंद्राची ओळ − केंद्राचा कॉलम)
नवा कॉलम = (केंद्राची ओळ + केंद्राचा कॉलम) − जुनी ओळ

कंसातल्या दोन्ही संख्या लूपच्या बाहेर एकदाच काढता येतात. वरच्या उदाहरणात त्या −३ आणि ५ आहेत. म्हणजे नवी ओळ ही जुना कॉलम उणे ३, आणि नवा कॉलम हा ५ उणे जुनी ओळ. वेग वाढतो हा यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की केंद्र घरावर नसून चार घरांच्या मधल्या कोपऱ्यावर असले, तरी हेच सूत्र चालते. ४ बाय ४ मॅट्रिक्सचा मध्य (१.५, १.५) आहे. फरक ०, बेरीज ३. नवी ओळ म्हणजे जुना कॉलम, नवा कॉलम म्हणजे ३ उणे जुनी ओळ. पाठ केलेले उत्तर हेच आहे, फक्त आता ते कुठून येते ते दिसते. अपूर्णांक कोडमध्ये कुठेच शिरत नाही.

यातून एक कसोटीही मिळते. केंद्राच्या ओळीची आणि कॉलमची बेरीज पूर्णांक असली पाहिजे. दोन्ही पूर्णांक चालतात, दोन्ही 'साडे'वाले चालतात. एक पूर्णांक आणि एक साडेवाला असेल, तर पाव फेऱ्यानंतर प्रत्येक आकडा चार घरांच्या मधल्या कोपऱ्यावर येऊन पडतो. ३ बाय ४ मॅट्रिक्सचा मध्य (१, १.५) असतो. तिला त्याच ग्रिडवर स्वतःच्या मध्याभोवती पाव फेरा देता येत नाही. इथे राउंडिंग करून वेळ मारून नेऊ नये. फंक्शनने असे केंद्र सरळ नाकारावे आणि कारण सांगणारा संदेश द्यावा.

नव्या घराकडून जुन्या घराकडे पाहावे. निकालातले प्रत्येक घर घ्यावे आणि विचारावे, इथे कोण येणार? घड्याळाच्या दिशेसाठी उत्तर असे: जुनी ओळ = बेरीज − नवा कॉलम, जुना कॉलम = नवी ओळ − फरक. अशा रीतीने निकालातले एकही घर चुकून रिकामे राहत नाही, आणि मूळ घर हद्दीत आहे की नाही ही तपासणी एकाच ठिकाणी होते.

बाहेर पडणाऱ्या आकड्यांचा निर्णय लिहून ठेवावा. केंद्र मध्यावर नसले की काही आकडे हद्दीबाहेर जाणारच. वरच्याच उदाहरणात (१, १) चे घर ओळ −२ वर जाते. मार्ग तीन आहेत.

पहिला, ते सोडून द्यावेत आणि रिकाम्या घरांत ठरलेली किंमत भरावी. ती किंमत ० असेल, तर ० हा खरा डेटा नाही ना, हे पाहावे.

दुसरा, मॅट्रिक्स मोठी करावी. ४ बाय ६ ची ही मॅट्रिक्स फिरल्यावर −३ ते २ या ओळी आणि २ ते ५ हे कॉलम व्यापते, म्हणजे ६ बाय ४ होते. मोठी मॅट्रिक्स परत करताना तिची सुरुवात मूळ मोजणीत कुठे येते, म्हणजे (−३, २), हेही सोबत द्यावे. नाहीतर पुढच्या फंक्शनला केंद्र कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

तिसरा, एका कडेने बाहेर गेलेले दुसऱ्या कडेने आत घ्यावे. चौरस मॅट्रिक्सवर हे व्यवस्थित चालते, केंद्र कुठलेही घर असो. दोन आकडे एका घरात कधीच येत नाहीत. आयताकृती मॅट्रिक्सवर मात्र हा मार्ग घेऊ नये. ४ बाय ६ मध्ये ० आणि ४ हे दोन्ही कॉलम फिरून एकाच ओळीवर येतात आणि आकडे एकमेकांवर लिहिले जातात.

या तिन्ही मार्गांपेक्षा मला एक चौथा बरा वाटतो, कामाला चालत असेल तर: केंद्राभोवती पुरता बसेल एवढाच चौरस फिरवावा. केंद्रापासून चारही कडांची अंतरे काढावीत आणि त्यातले सर्वांत लहान घ्यावे. (१, ४) साठी ती अंतरे वर १, खाली २, डावीकडे ४, उजवीकडे १. म्हणजे १. तेव्हा ३ बाय ३ चा चौरस फिरेल, आणि एकही आकडा हरवणार नाही.

जागेवरच फिरवायचे असेल तर चार-चार घरांचे चक्र करावे. केंद्र वगळता प्रत्येक घर चारांच्या चक्रात असते. घड्याळाच्या दिशेसाठी वरचा आकडा राखून ठेवावा. डावीकडचा वर आणावा, खालचा डावीकडे, उजवीकडचा खाली, आणि राखून ठेवलेला उजवीकडे. आता चक्रे कुठून सुरू करायची हा प्रश्न. केंद्राच्या वर किमान एक ओळ आणि उजवीकडे शून्य किंवा अधिक कॉलम, एवढीच घरे घ्यावीत. त्र त्रिज्येसाठी ती त्र × (त्र + १) होतात. ५ बाय ५ मध्ये ६ चक्रे, ६ चोक २४, आणि मधले केंद्र धरून २५. हिशेब जुळतो.

लूप सगळ्या घरांवरून फिरवला, तर प्रत्येक चक्र चार वेळा फिरते आणि मॅट्रिक्स जशीच्या तशी परत मिळते. फंक्शन चालते, चूक दाखवत नाही, आणि काही बदलतही नाही. निकाल मूळ मॅट्रिक्ससारखाच दिसला, तर आधी लूपच्या हद्दी पाहाव्यात.

किती पाव फेरे, हे आधी ० ते ३ मध्ये आणावे. सी आणि जावामध्ये −१ ला ४ ने भागल्यावर बाकी −१ येते, पायथनमध्ये ३ येते. दोन्हीकडे चालेल असे लिहायचे तर बाकी काढावी, ४ मिळवावेत आणि पुन्हा बाकी काढावी.

आधी सगळी घरे तपासावीत, मग एकदम लिहावे. गेमच्या ग्रिडवर हे विशेष पाळावे. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत इलेक्ट्रोनिका ६० या संगणकावर टेट्रिस लिहिला. तेव्हापासून 'ठोकळा वळेल का?' हा प्रश्न हजारो प्रोग्रॅमरांनी सोडवला असेल. ठोकळ्याची चारही घरे वळवून पाहावीत. चारही मोकळी असतील तरच जुनी पुसून नवी लिहावीत. एक घर लिहून झाल्यावर दुसरे अडले, तर अर्धा वळलेला ठोकळा ग्रिडवर राहतो. टेट्रिसच्या आजच्या अधिकृत फिरवण्याच्या पद्धतीत वळायला जागा नसेल, तर ठोकळा थोडा सरकवून पाहतात, मूळ जागा धरून एकूण पाच वेळा. निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत ही सोय नव्हती. भिंतीला टेकलेला ठोकळा वळायला जागा नसली तर वळत नसे. दोन्ही नियम चालतात. कोणता पाळायचा ते आधी ठरवावे. आणखी एक लक्षात ठेवावे: अधिकृत पद्धतीत टी, एल, जे, एस, झेड हे ठोकळे एका घराभोवती फिरतात, तर चार घरांची सरळ पट्टी घरांच्या मधल्या कोपऱ्याभोवती फिरते. बेरीज आणि फरकाचे सूत्र वापरले, की दोन्हींसाठी एकच फंक्शन पुरते.

काय टाळावे

पाव फेऱ्यासाठी साइन-कोसाइन वापरू नये. संगणकाच्या फ्लोटिंग-पॉइंट गणितात ९० अंशांचा कोसाइन ० येत नाही, ०.००००००००००००००००६ च्या आसपास एक बारीक संख्या येते. मग ४ ऐवजी ३.९९९… मिळते, आणि पूर्णांकात रूपांतर करताना अपूर्णांक कापला की ३ होते. एखादाच आकडा शेजारच्या घरात गेलेला असतो, आणि ती चूक शोधायला दिवस जातो. राउंड केले तरी संकट पुरते टळत नाही: पायथनमध्ये ०.५ चे राउंडिंग ० होते आणि १.५ चे २, कारण तिथे अर्धे जवळच्या सम संख्येकडे जाते, जावामध्ये ०.५ चे १ होते. पाव फेऱ्याला बेरीज-वजाबाकी पुरते.

पायथनमध्ये उणे इंडेक्सवर विसंबू नये. या यादीतली सर्वांत घातक चूक मी हिलाच म्हणेन. ५ बाय ५ मॅट्रिक्स, केंद्र (२, १). घर (४, १) फिरून (२, −१) वर जाते. जावा लगेच त्रुटी दाखवून थांबते. पायथन थांबत नाही. तिथे −१ म्हणजे शेवटचा कॉलम, म्हणून आकडा (२, ४) मध्ये निमूट लिहिला जातो आणि तिथे जे असायला हवे होते ते पुसले जाते. ओळ आणि कॉलम दोन्ही शून्याहून कमी नाहीत, ही तपासणी पायथनमध्ये स्वतः लिहावीच लागते. ट्राय-एक्सेप्टने ही चूक पकडली जात नाही.

वाचायची आणि लिहायची मॅट्रिक्स एकच ठेवू नये, चार घरांचे चक्र वापरत नसाल तर. पहिल्या काही घरांनंतर तुम्ही आधीच बदललेले आकडे वाचू लागता.

रिकामी मॅट्रिक्स एकच ओळ गुणून बनवू नये. पायथनमध्ये शून्यांची एक यादी दुसऱ्या यादीत ठेवून ती बाहेरची यादी ५ ने गुणली, तर पाचही ओळी स्मृतीतली एकच ओळ असतात. एकीत लिहिलेले पाचहींत दिसते. प्रत्येक ओळ लूपमध्ये वेगळी बनवावी.

लायब्ररीची दिशा गृहीत धरू नये. नमपायचे आणि मॅटलॅबचे रॉट९० हे फंक्शन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवते. ओपनसीव्ही आणि पिलो यांतही धन कोन म्हणजे उलट दिशा. वेबपेजच्या सीएसएसमध्ये मात्र धन कोन म्हणजे घड्याळाची दिशा. पायथनमध्ये फिरवलेले चित्र ब्राउझरमध्ये त्याच कोनाने जुळवायला गेले, की ते उलटीकडे जाते.

केंद्राचा क्रमही असाच फसवतो. ओपनसीव्हीला केंद्र देताना आडवे अंतर आधी आणि उभे नंतर द्यावे लागते, म्हणजे कॉलम आधी, ओळ नंतर. मॅट्रिक्समध्ये आपण ओळ आधी लिहितो. केंद्र कर्णावर असेल, उदाहरणार्थ (२, २), तर ही अदलाबदल लक्षातही येत नाही.

सायपायच्या रोटेटला केंद्र देताच येत नाही. ते मध्याभोवती फिरवते. पिलोमध्ये केंद्र देता येते, पण कॅनव्हास मोठा करण्याचा पर्याय चालू केला, तर तो हिशेब चित्राच्या मध्याभोवती फिरवले असे धरूनच होतो. दोन्ही एकत्र वापरू नयेत.

नमपायचा निकाल स्वतंत्र प्रत आहे असे समजू नये. रॉट९० मूळ डेटाकडेच वेगळ्या क्रमाने पाहते. फिरवलेल्या मॅट्रिक्समध्ये बदल केला की मूळही बदलते. वेगळी हवी असेल तर कॉपी करून घ्यावी.

वाटेल त्या कोनात फिरवताना जुन्याकडून नव्याकडे जाऊ नये. ४५ अंशांत पाहा: केंद्राच्या उजवीकडचे पहिले घर कर्णावर प्रत्येकी ०.७०७ अंतरावर जाते, दुसरे १.४१४ वर. राउंड केल्यावर दोघेही १ वर, एकाच घरात. एकाचा आकडा गेला, आणि दुसरीकडे कुठेतरी भोक पडले. इथे नव्या घराकडून जुन्याकडे जाणे अपरिहार्य आहे. जिथून घ्यायचे ती जागा घरांच्या मध्ये पडली, तर जवळचे घर घ्यावे किंवा शेजारच्या चारांची सरासरी, अंतराप्रमाणे. एकही आकडा हरवता कामा नये अशी अट असेल, तर ॲलन पेथ यांनी १९८६ मध्ये मांडलेली रीत वापरावी: ओळी तिरक्या सरकवायच्या, मग कॉलम, मग पुन्हा ओळी. तीन सरकवण्यांत फिरवणे पूर्ण होते आणि प्रत्येक सरकवणे पूर्ण घरांत केले, तर सगळे आकडे टिकतात.

वर्गाचे क्रमांक असलेल्या मॅट्रिक्सवर सरासरी लावू नये. जमीन-वापराच्या नकाशात १ म्हणजे शेत, ३ म्हणजे पाणी असेल, तर त्यांच्या सरासरीतून येणारा २ म्हणजे जंगल होते. सीमेवर कुठेच नसलेले जंगल उगवते. सायपायच्या रोटेटमध्ये मुळातच तिसऱ्या घाताचे स्प्लाइन लावलेले असते. अशा डेटासाठी ऑर्डर ० करावा.

फिरवलेले पुन्हा पुन्हा फिरवू नये. १० अंश नऊ वेळा फिरवलेले चित्र एकदा ९० अंश फिरवलेल्यापेक्षा धूसर होते. मूळ जपावे, एकूण कोन साठवावा, आणि दरवेळी मुळापासून फिरवावे.

अनडू करताना केंद्र बदलू देऊ नये. (१, १) भोवती घड्याळाच्या दिशेने आणि मग (२, १) भोवती उलट दिशेने पाव फेरा दिला, तर प्रत्येक आकडा एक ओळ खाली आणि एक कॉलम डावीकडे सरकलेला मिळतो. चित्र वळलेले नसते, म्हणून चूक फिरवण्यात आहे असा संशयही येत नाही. प्रत्येक फिरवण्याबरोबर त्याचे केंद्र साठवावे.

सममित नमुन्यावर तपासणी करू नये. शून्यांची मॅट्रिक्स, सगळीकडे एकच आकडा, अधिकचे चिन्ह: हे सगळे चुकीच्या कोडलाही पास करतात. प्रत्येक घरात वेगळा आकडा असावा, ओळी आणि कॉलम असमान असावेत आणि केंद्र कर्णाबाहेर असावे. चार वेळा फिरवून मूळ मिळते का, ही आवडती चाचणी एकटी पुरेशी नाही. दिशा उलटी असली तरी ती पास होते, आणि फंक्शन काहीच करत नसले तरीही. तिच्यासोबत एका घराची चाचणी असावी: केंद्राच्या वरचा आकडा उजवीकडे आला का? चौरस पुरता बसत असेल तर फिरवण्याआधीची आणि नंतरची बेरीजही जुळली पाहिजे.

हे वाचून लगेच एडिटर उघडू नका. ४ बाय ६ चा ग्रिड कागदावर आखा, केंद्र (१, ४) वर खूण करा आणि (३, ५) चे घर घड्याळाच्या दिशेने पाव फेऱ्यानंतर कुठे जाते ते हाताने काढा. उत्तर (२, २) आले, तर कोड लिहायला घ्या. वेगळे आले, तर आधी ओळी कुठल्या दिशेने मोजल्या ते पाहा.